वाळवंटातला पडदा



पूर आला, भूकंप झाला, की मदतीसाठी नाटकाचा एखादा प्रयोग लावावा, गाण्याची बैठक करावी आणि तिकिटांचे उत्पन्न आपद्ग्रस्तांकडे पाठवावे, ही रीत आपल्याकडे जुनी आहे. त्या रात्री नट आपली नाइट सोडतात, थिएटरवाला भाडे कमी करतो, आणि आपणही खुर्चीत बसून करमणुकीबरोबर थोडे पुण्य पदरात पाडून घेतो. यात वावगे काही नाही. परंतु या रीतीत एक गोष्ट नेहमीच गृहीत धरलेली असते. ज्याच्यासाठी प्रयोग आहे तो माणूस त्या थिएटरात नसतो. तो दूर कोठेतरी चिखलात उभा असतो, आणि त्याच्या वाट्याला आपल्या संध्याकाळचा फक्त हिशेब येतो.

आज आम्ही ज्या उद्योगाची हकिकत सांगणार आहोत, त्यात हा माणूस थिएटरात आहे. किंबहुना थिएटर त्याच्याच अंगणात आहे आणि बाहेरून आलेले सारे त्याचे पाहुणे आहेत. हे अंगण आफ्रिकेतल्या सहाराच्या वाळवंटात, अल्जीरियाच्या नैऋत्य कोपऱ्यात, तिंदूफ या गावाजवळ आहे, आणि तेथे राहणाऱ्या निर्वासितांना सहरावी म्हणतात. आरंभीच कबूल केलेले बरे की आम्ही तेथे गेलेलो नाही. जे सांगणार ते वाचून, ऐकून आणि त्यांचे चित्रपट पाहून. तेव्हा आमच्या शब्दांवर प्रवाशाच्या शब्दांइतका भरवसा ठेवू नका. पण विषय ऐकण्याजोगा आहे एवढे मात्र मान्य करा.

व्याख्यानाचा विषय ऐकल्यावर आमच्या एका स्नेह्यांनी सरळच विचारले, "अहो, ज्यांचे पिण्याचे पाणी टँकरने येते, ज्यांचे पीठ आणि तेल परदेशातून येते, त्यांच्यापुढे चित्रपट कसला लावता? तेवढ्या पैशांत धान्य पाठवावे." प्रश्न चांगला आहे, आणि आजचे व्याख्यान म्हणजे त्याचेच उत्तर समजावे. मात्र उत्तर देण्यापूर्वी हे लोक तेथे कसे आले ते थोडक्यात सांगावे लागेल.

मोरोक्कोच्या दक्षिणेस अटलांटिक महासागराला लागून पश्चिम सहारा नावाचा प्रदेश आहे. तेथील सहरावी लोक हसानिया नावाची अरबी बोली बोलतात. उंट आणि शेळ्या घेऊन ते पावसाच्या मागे फिरत असत. ढग जिकडे गेला तिकडे यांचा तंबू गेला. म्हणूनच ते स्वतःला ढगांची लेकरे म्हणवतात. १८८४ मध्ये स्पेनने या किनाऱ्यावर आपला हक्क सांगितला. १९६३ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने ज्या प्रदेशांना अद्याप स्वराज्य मिळालेले नाही त्यांच्या यादीत या प्रदेशाचे नाव घातले. ते नाव त्या यादीवर अजून तसेच आहे. १९७३ मध्ये सहरावी तरुणांनी पोलिसारियो ही संघटना स्थापन केली. १९७४ मध्ये स्पेनने शिरगणती केली तेव्हा सहरावींची संख्या ७३,४९७ भरली. आपल्याकडील एखाद्या तालुक्याएवढी म्हणा.

स्पेन जाणार हे दिसू लागताच उत्तरेकडून मोरोक्कोने आणि दक्षिणेकडून मॉरिटानियाने हक्क सांगितला. प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे सल्ल्यासाठी गेले. त्या न्यायासनावर आपले नागेंद्र सिंह हेही होते. १६ ऑक्टोबर १९७५ रोजी न्यायालयाने मत दिले. काही टोळ्यांचे मोरोक्कोच्या सुलतानाशी निष्ठेचे संबंध होते हे खरे, परंतु त्यावरून त्या भूमीवर कोणाची सत्ता सिद्ध होत नाही, आणि तेथील लोकांच्या इच्छेनेच त्यांचे भवितव्य ठरावे, असा त्याचा आशय होता. तीनच आठवड्यांनी, ६ नोव्हेंबरला, मोरोक्कोने सुमारे साडेतीन लाख नागरिकांचा मोर्चा सीमेपार पाठवला. १४ नोव्हेंबरला माद्रिदमध्ये करार झाला आणि स्पेनने तो प्रदेश दोन्ही शेजाऱ्यांच्या हवाली केला. सैन्ये शिरली, पळणाऱ्या लोकांवर विमानांतून बाँब पडले, आणि बायकामुले मिळेल त्या वाहनाने पूर्वेकडे अल्जीरियात गेली. २७ फेब्रुवारी १९७६ रोजी पोलिसारियोने सहरावी प्रजासत्ताकाची घोषणा केली.

पुढे १९७९ मध्ये मॉरिटानियाने माघार घेतली. मोरोक्कोशी युद्ध मात्र १९९१ पर्यंत चालले. त्या वर्षी संयुक्त राष्ट्रसंघाने सार्वमताचे वचन देऊन युद्ध थांबवले. ते सार्वमत झालेच नाही. मतदार कोण, यावरच घोडे अडले. दरम्यान मोरोक्कोने वाळू आणि दगडांची सुमारे २,७०० किलोमीटर लांबीची भिंत उभारली होती. तिच्या कडेने भूसुरुंग पेरलेले आहेत. नोव्हेंबर २०२० मध्ये युद्धबंदीही मोडली. मोरोक्कोचे म्हणणे असे की हा प्रदेश इतिहासाने आमचाच आहे, आणि आमच्या छत्राखाली स्वायत्तता द्यावयास आम्ही तयार आहोत. तशी योजना त्याने २००७ मध्ये मांडली. पोलिसारियोचे म्हणणे असे की स्वातंत्र्य हा पर्याय ज्यात असेल असे मतदान घ्या आणि जो कौल येईल तो स्वीकारा. या व्यासपीठावरून निवाडा देण्याचा अधिकार आम्हांला नाही. परंतु ज्यांच्याविषयी वाद आहे त्यांना अद्याप कोणी विचारलेले नाही, ही गोष्ट दोन्ही बाजू ऐकल्यानंतरही तशीच उरते.

आता ते राहतात कोठे ते पाहू. छावण्या पाच आहेत: अल-आयून, औसर्द, स्मारा, बोजदूर आणि दाखला. ही सारी नावे त्यांनी मागे टाकलेल्या गावांची आहेत. दाखला म्हटल्यावर आपल्याला कचेरीतला कागद आठवेल. त्या छावणीचा आपल्या शब्दाशी काही संबंध नाही. परंतु जेथल्या माणसाला आपल्या देशाचा सर्वमान्य दाखला मिळत नाही त्या जागेचे नाव दाखला असावे, हा योगायोग मराठी माणसाला बोचल्याशिवाय राहत नाही. २०१८ मध्ये राष्ट्रसंघाच्या अंदाजाने या छावण्यांत १,७३,६०० माणसे होती. भोवती खडकाळ, सपाट, निष्पर्ण वाळवंट. उन्हाळ्यात पारा पन्नास अंशांच्या घरात जातो. धान्य, तेल, औषध बाहेरून येते. तंबू आणि मातीच्या विटांची घरे. आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये त्या वाळवंटातही असा पाऊस कोसळला की हजारो घरे विरघळून गेली. तिसरी पिढी तेथे वाढते आहे. त्यांच्या मायभूमीला हजार किलोमीटरहून अधिक समुद्रकिनारा आहे, आणि छावणीत जन्मलेल्या कितीतरी मुलांनी तो समुद्र कधी पाहिलेला नाही.

आता आमच्या स्नेह्यांच्या प्रश्नाकडे वळू. धान्य अगोदर, यात शंका नाही. २०१५ च्या त्या पुरात कोणी चित्रफितींची पेटी घेऊन गेला असता तर आम्हीही त्याला वेडा म्हटले असते. पण संकट आठ दिवसांचे असते तेव्हाचा न्याय निराळा आणि अर्धे शतक चालते तेव्हाचा निराळा. पन्नास वर्षे कोणी तुम्हांला केवळ धान्य देत राहिला, तर तुम्ही जगता खरे, पण जगाच्या वहीत तुमची नोंद शिधापत्रिकेपुरतीच उरते. तुम्ही गाता का, तुमच्या आजीला किती कविता पाठ आहेत, तुमचा मुलगा कशावर हसतो, हे कोणी विचारत नाही. दुसरी गोष्ट अशी की या लोकांची मुख्य भीती विसरले जाण्याची आहे. बातमीला रोज नवे रक्त लागते. जेथे रोज तोच तंबू आणि तीच वाळू, तेथे वार्ताहर कशाला जाईल? दृष्टीआड सृष्टी, ही म्हण राष्ट्रांनाही लागू आहे. आणि सृष्टी दृष्टीआड झाली की धान्याचा ओघही हळूहळू आटतो. म्हणजे चित्रपट आणि धान्य ही एकमेकांच्या विरुद्ध पारड्यांतली वजने आहेत, असा जो समज आहे तो तपासून पाहिला पाहिजे.

२००३ मध्ये स्पेनमधील काही चित्रपटवाल्यांनी, पेरू देशातले दिग्दर्शक हाविएर कोरक्वेरा यांच्या पुढाकाराने, छावण्यांत चित्रपटांचा महोत्सव सुरू केला. त्याला फिसहारा म्हणतात. तो बरीच वर्षे दाखला छावणीत भरत असे. अलीकडे औसर्द येथेही भरला आहे. दाखला ही इतर छावण्यांपासून फार लांब पडलेली, सर्वांत एकाकी छावणी. पाहुणे माद्रिदहून विमानाने तिंदूफला येतात आणि तेथून गाड्यांनी तासन्‌तास धूळ खात जातात. राहण्यास हॉटेल नाही. प्रत्येक कुटुंब आपल्या वाट्याचे पाहुणे उतरवून घेते. नट असो की दिग्दर्शक, त्याने सतरंजीवर निजावे, घरात शिजेल ते खावे आणि सहरावी रिवाजाप्रमाणे तीन वेळा चहा प्यावा. तो चहा निखाऱ्यावर होतो आणि त्याला घाई चालत नाही.

रात्री अवाढव्य मालमोटारीच्या बाजूला पडदा ताणतात. आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी जत्रेत तंबूतला सिनेमा पाहिला असेल. त्यांना हे चित्र डोळ्यांपुढे आणण्यास श्रम पडणार नाहीत. येथे तंबूचीही गरज नाही. वर आभाळ, खाली वाळू, पुढे पोरेटोरे, मागे मेलहफा नावाचे लांब रंगीत वस्त्र अंगाभोवती गुंडाळलेल्या बायका, आणि त्यांच्याबरोबरीने बाहेरगावचे पाहुणे. दिवसा मुलांचे वर्ग, चर्चा, उंटांच्या शर्यती. सर्वोत्तम चित्रपटाला पारितोषिक म्हणून पांढरी सांडणी मिळते. सांडणी खरीखुरी असते, तेव्हा विमानातून ती नेणार कोण? विजेता ती तेथल्याच कुटुंबाच्या स्वाधीन करून जातो. पारितोषिक ज्याचे त्याला मान मिळतो आणि दूध छावणीत राहते. मदतीची इतकी शहाणी रीत आम्ही क्वचितच पाहिली आहे.

यातले मर्म आमच्या मते त्या चहात आहे. एरवी वर्षभर जो हात पुढे करतो, तो त्या आठवड्यात यजमान होतो. घेणारा देणारा होतो. जो माणूस तुमच्या घरी तीन रात्री राहिला, त्याला घरी परतल्यावर तुम्हांला विसरणे अवघड जाते. स्पॅनिश नट हाविएर बार्देम २००८ मध्ये असाच पाहुणा म्हणून गेला होता. ऑक्टोबर २०११ मध्ये तो न्यूयॉर्कला राष्ट्रसंघाच्या समितीपुढे या लोकांची बाजू मांडण्यास उभा राहिला, आणि २०१२ मध्ये आल्वारो लोंगोरिया यांनी दिग्दर्शित केलेला 'ढगांची लेकरे' या अर्थाचा माहितीपट त्याच्या सहभागाने पूर्ण झाला. पुढच्या वर्षी त्याला स्पेनचे गोया पारितोषिक मिळाले. सार्वमत त्याने झाले काय? नाही. पण स्पेनमधल्या अनेक घरांत, आपल्या राज्यकर्त्यांनी १९७५ मध्ये काय केले याचा विषय पुन्हा निघाला.

तथापि, पाहुणा गेल्यावर काय राहते, हा प्रश्न कोणत्याही महोत्सवाला विचारला पाहिजे. मालमोटार निघून गेली, पडदा उतरला, आणि वाळूवर चाकांच्या खुणा तेवढ्या उरल्या, तर तो सोहळा पाहुण्यांच्याच समाधानाचा. फिसहाराच्या चालकांना हा प्रश्न पडला असावा. कारण २०११ मध्ये छावणीतच आबिदीन कायद सालेह यांच्या नावाने चित्रपट शिकवणारी शाळा उघडली. तेथे सहरावी मुलेमुली कॅमेरा धरण्यास, फीत जोडण्यास आणि गोष्ट सांगण्यास शिकू लागली. त्या शाळेतून तयार झालेला ब्राहिम शगाफ हा २०१६ मध्ये 'लेयुआद' या चित्रपटाच्या तीन दिग्दर्शकांपैकी एक होता. तो चित्रपट तिरिस या प्रदेशाच्या शोधाचा आहे. सहरावी कवींनी ज्याला गाणी वाहिली तो हा प्रदेश. ज्या समाजाची बहुतेक विद्या तोंडपाठ कवितांत साठलेली, त्याला कॅमेरा म्हणजे दुसरी स्मरणशक्ती आहे.

इतर कलांचीही हीच कथा. मरियम हसन ही गायिका १९५८ मध्ये पश्चिम सहारात जन्मली. युद्धात तिचे भाऊ कामी आले. छावणीत तिने परिचारिकेचे काम केले, आणि गाऊ लागली ती युरोपभर ऐकली गेली. कर्करोगाने पोखरली असताही ती गात राहिली, शेवटच्या दिवसांत छावणीत परतली आणि ऑगस्ट २०१५ मध्ये वारली. ज्यांनी पश्चिम सहारा हे नाव नकाशावर कधी शोधले नसते, त्यांनी ते तिच्या गाण्यामुळे शोधले. २००७ पासून पोलिसारियोच्या ताब्यातील तिफारिती येथे देशोदेशीचे चित्रकार, शिल्पकार जमू लागले. त्यांनी कामे तेथेच करावयाची आणि तेथेच सोडून यावयाची असा संकल्प होता. मुलुद येस्लेम या सहरावी कलावंताने भूसुरुंगांच्या भिंतीजवळ हातांनी केलेली फुले रोवण्याचा उपक्रम काढला: एका सुरुंगाला एक फूल. फुलाने सुरुंग निकामी होत नाही, हे त्याला आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे. परंतु ते फूल जगभरातल्या माणसांनी करून पाठवावयाचे होते. आणि फूल करावयाचे म्हणजे कशासाठी ते अगोदर विचारावे लागते.

येथवर आम्ही गुण गायिले. आता दोष सांगितले नाहीत तर आपण आम्हांला दलाल म्हणाल. कॅमेरा हे दुधारी हत्यार आहे. २००९ मध्ये ऑस्ट्रेलियात छावण्यांविषयी एक माहितीपट आला. छावणीत गुलामगिरीसारख्या चाली अद्याप आहेत, असा आरोप त्यात होता. त्याची मध्यवर्ती स्त्री स्वतः सिडनीच्या महोत्सवाला गेली आणि आपले चित्रण खोटे आहे असे तिने सांगितले. करणारे आपल्या म्हणण्यावर ठाम राहिले. खरेखोटे ठरवण्याची साधने आमच्यापाशी नाहीत. आणि निर्वासित म्हटला की त्याच्या समाजात दोष नसतात असे मानणे हाही एक प्रकारचा अपमानच आहे. पण परक्याच्या हाती कॅमेरा असला की बोलणाऱ्याचे शब्द कोणत्या क्रमाने जोडले जातील यावर त्याचा ताबा नसतो, एवढे या प्रकरणातून शिकावे. म्हणून त्या शाळेचे मोल आम्हांला महोत्सवाहून अधिक वाटते.

भिंतीच्या पलीकडे, मोरोक्कोच्या ताब्यातील भागात, तर कॅमेरा धरणे हेच धाडस आहे. तेथील सहरावी बातमीदारांच्या एका गटाने गच्च्यांवर लपून निदर्शनांची चित्रणे केली, आणि २०१७ मध्ये स्वीडनमधील मित्रांच्या साह्याने त्यांचा चित्रपट निघाला. त्याच्या नावातच तीन चोरीस गेलेल्या कॅमेऱ्यांचा उल्लेख आहे. ज्यांना चित्रपट ही चैन वाटते त्यांनी विचारावे, चैनीची वस्तू म्हणून इतकी जोखीम कोणी पत्करील काय?

दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. चित्रपट पाहून डोळे पाणावतात, आणि डोळे पाणावले की माणसाला कर्तव्य केल्यासारखे वाटते. कलेने दिलेला हा दिलासा आपल्यासाठी असतो. त्यांच्या एका दिवसाचाही वनवास त्याने कमी होत नाही. राजकीय प्रश्न राजकारणानेच सुटावयाचा. कलेचे काम तो प्रश्न मिटला असे कोणालाही म्हणू न देणे, हे आहे. याहून मोठा दावा जो करील त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

आता आपला संबंध काय, हे विचाराल. आपल्या भारताने १ ऑक्टोबर १९८५ रोजी सहरावी प्रजासत्ताकाला मान्यता दिली होती आणि २००० च्या जूनमध्ये ती काढून घेतली. खतांसाठी लागणारे फॉस्फेट आपण मोरोक्कोकडून मोठ्या प्रमाणात घेतो, आणि पश्चिम सहारातही बू-क्रा येथे फॉस्फेटची मोठी खाण आहे. त्या दोन निर्णयांमागे काय काय होते याची फोड आम्ही करीत नाही. पण मान्यता दिली तेव्हा आपल्या गावात किती जणांना कळले आणि काढून घेतली तेव्हा किती जणांना, हा प्रश्न आपण स्वतःला विचारावा. दोन्ही वेळा आपण झोपेत होतो. ज्यांच्याविषयी नागरिकांना माहिती नाही, त्यांच्याविषयी सरकार काहीही करू शकते.

या गावात चित्रपट दाखवण्याची सोय आहे, सभागृह आहे, आणि ऐकण्यास येणारी आपल्यासारखी माणसे आहेत. एखाद्या संध्याकाळी सहरावींनी स्वतः केलेला एखादा चित्रपट येथे दाखवावा, एवढीच आमची सूचना आहे. मात्र तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून तिकीट काढू नये. पडद्यावर बोलतो कोण, ते की त्यांच्या वतीने दुसराच कोणी? जमलेला पैसा कोणाकडे जाणार आणि त्याचा हिशेब कोण देणार? आणि ती संध्याकाळ संपल्यावर मागे काय राहणार: एखाद्या मुलाच्या हाती कॅमेरा, शाळेत एक खुर्ची, की नुसत्या हारांच्या पाकळ्या? हेच प्रश्न आपल्या पूरग्रस्तांसाठी होणाऱ्या प्रयोगांनाही लावून पाहावेत. काही प्रयोग त्यांत टिकतील, काही टिकणार नाहीत.

आमच्या स्नेह्यांना आम्ही अखेर इतकेच सांगितले: धान्य पाठवाच. पण पाठवताना त्या पोत्यावर आपले नाव लिहिण्यापूर्वी घेणाऱ्याचे नाव विचारा, आणि त्याची गोष्ट त्याच्याच तोंडून ऐकण्यास एक संध्याकाळ मोकळी ठेवा. त्यांच्या अंगणातल्या मालमोटारीवर पडदा लागतो तेव्हा मुले पुढे सरकून बसतात. एखाद्या चित्रात समुद्र येतो. तो त्यांच्या देशाचाच आहे, हे त्यांना कोणीतरी सांगावे लागते. तो त्यांनी एक दिवस पायांनी गाठावा की नाही, हे त्यांनाच ठरवू द्यावे, एवढे म्हणणारी माणसे जगात जितकी वाढतील तितके बरे. त्यांत या सभागृहातली काही माणसे असावीत, अशी आमची इच्छा आहे.